आधी वेलांटी

घरात मुलं चार आणि चालू कंट्रोलर दोन, असं गणित एका शनिवारी दुपारी माझ्यापुढे आलं. आणखी दोन होते, पण ते चार्जिंगला लावायचे राहिले होते. कोणाचे राहिले, हे आमच्या घरात विचारत नाहीत. ‘राहणे’ हे क्रियापद आमच्याकडे कर्त्याशिवाय चालतं: दूध आणायचं राहतं, वीजबिल भरायचं राहतं, कंट्रोलर लावायचे राहतात. चिरंजीव आणि त्याचे तीन मित्र हॉलमध्ये मांड्या ठोकून बसलेले, टीव्हीशेजारी मामाने दुबईहून आणलेला निंटेंडो स्विच, पोह्यांच्या बशा चाटूनपुसून झालेल्या, आणि पुढची पाळी कोणाची यावरून आवाज चढायला लागलेला. तेवढ्यात मी बोलून गेले, “थांबा रे, दोन माझ्याकडे आहेत.”

चौघांच्या माना वळल्या. माझ्याकडे दोन तलवारी आहेत म्हणाले असते तरी त्यांना एवढं नवल वाटलं नसतं. तेरा वर्षांच्या मुलांच्या हिशेबात आई नावाच्या माणसाकडे पोहे असतात, ओटीपी असतो. कंट्रोलर नसतो.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात, शालींच्या मागे, एका प्लास्टिकच्या पिशवीत ते होते. वायरी नीट गुंडाळून रबरबँड लावलेले. रबरबँडांचा पार चिक्कीचा पाक झाला होता, तो नखाने खरवडून काढावा लागला. आतून निघाले एक जांभळा आणि एक काळा, असे गेमक्यूबचे दोन कंट्रोलर.

गेमक्यूब म्हणजे निंटेंडोचं २००१ सालचं यंत्र. वीतभर ठोकळा आणि त्याला मागे चक्क उचलायची कडी, जेवणाच्या डब्याला असते तशी. कोणाच्या घरी खेळायला जायचं तर कडीला धरून घेऊन जा. त्याच काळातलं प्लेस्टेशन २ जगभरात १५ कोटींच्या वर खपलं आणि आमचा हा डबा सव्वादोन कोटींच्या आतच आटोपला. आमच्याकडे तो आला, तो काही आवडीने नव्हे. मी तेव्हा अमेरिकेत बफेलोला शिकत होते. सरोवरावरून येणारा बर्फ तिथे एकदा पडायला लागला की शनिवार-रविवार घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. २००३ च्या सप्टेंबरात गेमक्यूबची किंमत उतरून ९९ डॉलर झाली. घरात आम्ही तिघी: मी, एक विजयवाड्याची आणि एक तैपेईची. तेहतीस-तेहतीस-तेहतीस. इतका सुबक भागाकार माझ्या आयुष्यात पुन्हा झालेला नाही. वरचा टॅक्स कोणी द्यायचा यावरून मात्र दोन दिवस अबोला होता. टीव्ही रस्त्याच्या कडेला ‘न्या फुकट’ म्हणून कोणीतरी ठेवलेला, मागे पोट सुटलेला. तो कपडे धुवायला न्यायच्या गाडीवर घालून आम्ही बर्फातून ढकलत आणला.

शिक्षण संपवून परत निघाले तेव्हा यंत्र तैपेईवालीला देऊन टाकलं. ते अमेरिकेतल्या विजेवर चालणारं. इथे आणून जाळण्यात अर्थ नव्हता. कंट्रोलर मात्र मी बॅगेत घातले. यंत्राशिवाय कंट्रोलर म्हणजे बैल विकून कासरा घरी आणण्यातला प्रकार. विमानतळावर बॅग वजनाला जास्त भरली, तेव्हा मी प्रेशर कुकर बाहेर काढला आणि कासरे ठेवले. कुकर तिथे मैत्रिणीला ‘भेट’ दिला, अशी घरी नोंद आहे.

मुलाने जांभळा हातात घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावर, संग्रहालयात दगडी हत्यारं बघताना येतो तसा, आदर आणि कीव यांचा मिश्र भाव आला. “आई, बटणं अशी कशी वेडीवाकडी?”

बटणं वेडीवाकडी आहेत हे खरं. बाकी कंपन्यांच्या कंट्रोलरवर उजव्या अंगठ्याखाली चार बटणं असतात, सगळी एका आकाराची, कॅरम खेळायला चौघं बसावेत तशी. गेमक्यूबवर ही समता नाही. मधोमध ए, कोटाच्या बटणाएवढं, हिरवंगार. त्याच्या डावीकडे जरा खाली लहानसं लाल बी. आणि ए च्या वर एक, उजवीकडे एक, अशी त्याला बिलगून बसलेली काजूगराच्या आकाराची दोन करडी बटणं, वाय आणि एक्स. घरचा कर्ता मध्ये आणि बाकी मंडळी त्याच्या भोवतीने. पण यात एक मेख आहे. अंगठा ए वर टेकला की तो तिथून उचलायचाच नाही; नुसता इकडे-तिकडे कलता केला की उरलेली तिन्ही बटणं आपापल्या आकारावरून ओळख देतात. खाली पाहावं लागत नाही. अंधारात स्वयंपाकघरात जाऊन मिठाचा डबा हाताला लागतो, तितकं सोपं.

“ते ठीक आहे,” मुलगा म्हणाला, “पण हा खोचायचा कुठे? याला यूएसबीच नाहीये.”

तो शनिवार दोन कंट्रोलरवरच निभावला. रात्री मी अडॅप्टर मागवला.

असा अडॅप्टर मिळतो याचंच मला कौतुक वाटलं. त्याचं सगळं श्रेय एका खेळाला आणि तो खेळणाऱ्यांच्या हट्टाला आहे. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ हा मारामारीचा खेळ. मासाहिरो साकुराई यांच्या देखरेखीखाली घडलेला. समोरच्याला ठोकून ठोकून मंचावरून खाली पाडायचं, एवढंच त्याचं कथानक. गेमक्यूबवर २००१ मध्ये त्याची ‘मेली’ नावाची आवृत्ती आली आणि लोकांचे हात त्या वेड्यावाकड्या बटणांवर बसले ते बसलेच. २००६ मध्ये वी हे नवं यंत्र आलं, त्याच्या अंगावर एका झाकणाखाली जुन्या कंट्रोलरसाठी चार खाचा ठेवलेल्या होत्या. पुढच्या वी यू वर त्या नव्हत्या. तेव्हा २०१४ मध्ये स्मॅशची नवी आवृत्ती काढताना निंटेंडोने खास चार तोंडांचा अडॅप्टर काढला, आणि सोबत कंट्रोलरही नव्याने बनवले. गेमक्यूबचं उत्पादन २००७ मध्येच बंद पडलेलं! कुकर बंद होऊन सात वर्षं झाली आणि कंपनीने नुसती शिट्टी बाजारात आणली, असं समजा. २०१७ मध्ये स्विच आला. त्या ऑक्टोबरातल्या एका अपडेटनंतर लोकांच्या लक्षात आलं की वी यू चा अडॅप्टर यालाही चालतोय. २०१८ च्या डिसेंबरात ‘अल्टिमेट’ ही आवृत्ती आली आणि अडॅप्टर, कंट्रोलर पुन्हा एकदा दुकानात दिसू लागले. चार आवृत्त्या, चार यंत्रं, आणि मूठ तीच.

माझा अडॅप्टर आला, तो त्या मूळ अडॅप्टरची कोणीतरी केलेली नक्कल होता. काळी डबी, पुढे चार तोंडं, मागे दोन शेपट्या, एक काळी, एक करडी. सोबत घडी घातलेला कागद होता. मी इंजिनिअर असल्यामुळे तो वाचला नाही. दोनांतली एक शेपटी जादाची म्हणून दिली असेल असं समजून मी एकच खोचली, नेमकी करडी. टीव्ही ढिम्म. पाच मिनिटं मी विकणाऱ्याला, बनवणाऱ्याला आणि एकंदर जागतिकीकरणाला नावं ठेवली. मग कागद उघडला. निरोप जातो तो काळीतून. करडी फक्त कंट्रोलर थरथरण्यापुरती वीज पुरवते. म्हणजे मी कंट्रोलरला थरथरायची मुभा दिली होती, बोलायची नव्हती.

काळीही खोचली. पडद्यावर सूचना आली, एल आणि आर एकदम दाबा. दोन्ही तर्जन्यांनी मी ती खांद्यावरची बटणं दाबत गेले. ती नव्या बटणांसारखी वरच्या वर दबत नाहीत, खोल खोल जातात आणि अगदी तळाशी पोचल्यावर ‘टक्’ करतात. त्या ‘टक्’सरशी मला बफेलोच्या त्या खोलीतल्या हीटरचा जळका वास आला. अडॅप्टरच्या कागदावर या सोयीचा उल्लेख नाही.

खेळ सुरू झाला आणि माझा कर्बी कोणी काही न सांगता डावीकडे चालू लागला. कर्बी म्हणजे उकडीच्या मोदकाला हातपाय फुटावेत तसा एक गुलाबी गोळा. तो शांतपणे, बाजारात निघाल्यासारखा, चालत चालत मंचाच्या कडेशी गेला आणि खाली पडला. पुन्हा आला, पुन्हा निघाला.

“आई, तुझा कंट्रोलर बिघडलाय.”

बिघडलेला नव्हता. या कंट्रोलरची एक जुनी खोड आहे. वायर खोचली त्या क्षणी डाव्या अंगठ्याखालची दांडी जिथे असेल, तोच मध्य असं तो धरून चालतो. खोचताना माझा अंगठा दांडीवर होता आणि उतावीळपणे उजवीकडे झुकलेला. त्यामुळे मी दांडी सोडली, ती आपली मुकाट्याने मधे आली, आणि कंट्रोलरच्या लेखी मात्र ती डावीकडे सरकली. वायर काढली, अंगठा लांब धरला, परत खोचली. मध्य जागेवर. आमच्या नात्यात दोन-तीन माणसं अशी आहेत की ज्यांची वायर काढून पुन्हा खोचता आली तर फार बरं होईल, असं माझ्या मनात येऊन गेलं. ते असो.

पहिल्या डावात मी उंच उडी मारली, दांडी खाली ओढून बी दाबलं, कर्बीचा दगड झाला आणि तो चिरंजीवांच्या डोक्यावर आदळला. बफेलोत दोन हिवाळे मी या एका दगडावर काढले आहेत. डावपेच म्हणून त्याला खोली अशी काही नाही. पाटा वरून टाकायचा, खाली कोणी असेल तर त्याचं नशीब. पण मुलांना तो अपेक्षित नव्हता. दुसऱ्या डावातही नव्हता. तिसऱ्या डावापासून ते सगळे बाजूला सरकून उभे राहायला लागले आणि माझी वीस वर्षांची तपश्चर्या तिथे संपली.

मधेच मुलाने विचारलं, “जंपला कुठलं बटण आहे याच्यावर?”

आणि मला सांगता येईना. मी अर्धा तास टणाटण उड्या मारत होते, पण बटण कोणतं ते आठवेना. शेवटी मी उडी मारली आणि खाली वाकून माझाच अंगठा कुठे गेलाय ते पाहिलं. “हं, एक्स.” मुलगा चकितच झाला. हे ज्ञान माझं नव्हतंच. ते अंगठ्याने परस्पर जमवलं होतं आणि मला विचारल्याशिवाय वीस वर्षं सांभाळलं होतं.

अंगठ्यांच्या बोली हा एक स्वतंत्र विषय आहे. निंटेंडोच्या नेहमीच्या कंट्रोलरवर ए उजवीकडे असतं, बी खाली. एक्सबॉक्सवर बरोबर उलटं, ए खाली आणि बी उजवीकडे. प्लेस्टेशनवर अक्षरंच नाहीत, चिन्हं आहेत. ती आखणाऱ्या तेयू गोतो यांच्या मनात गोल म्हणजे ‘हो’ आणि फुली म्हणजे ‘नाही’ होतं, जपानी शाळेत तपासलेल्या वहीत असतं तसं. अमेरिकेत जाऊन फुलीचाच ‘हो’ झाला. मग कैक वर्षं एकच खेळ जपानात गोलाने पुढे जायचा आणि अमेरिकेत फुलीने, आणि २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं तेव्हा जपान्यांनाही सांगण्यात आलं, आता फुली म्हणजे ‘हो’. आपल्याकडे पहिलीपासून फुली म्हणजे चूक. मी या बाबतीत जपानच्या बाजूने आहे. माझा मुलगा मित्राकडे जाऊन एक्सबॉक्स खेळतो, घरी येऊन स्विच खेळतो, आणि वाटेत लिफ्टमध्येच त्याचा अंगठा बोली बदलतो. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. इथे बारा मिलिमीटरवर बदलते.

हा सगळा वेळ बाबा खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर उघडा होता. मला ‘जंप’चं बटण सांगता आलं नाही, तेव्हा पेपर खाली आला.

“अगं, तुला कसं माहीत असणार?” ते म्हणाले. “बोटांना विचारायचं असतं.”

बाबा छत्तीस वर्षं जिल्हा कोर्टात टंकलेखक होते. माझं लहानपण मराठी टाइपरायटरच्या आवाजात गेलं. घरी आणलेली कामं ते रात्री करायचे: टकटकटक, ओळ संपत आल्याची घंटी, डाव्या हाताने कॅरेज उजवीकडे ढकलल्याचा खर्रर, की पुन्हा टकटकटक. झोप लागायला आम्हा भावंडांना तो आवाज लागायचा. रजेच्या दिवशी शांततेने जाग यायची.

त्या यंत्रावर मराठी लिहायची एक गंमत असते, ती मला फार उशिरा कळली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते. कागद एका दिशेनेच सरकतो. मागे जाऊन काढता येत नाही. म्हणून टाइपरायटरवर आधी वेलांटी आणि मग अक्षर. काही अक्षरं तर दोन ठोक्यांत पुरी होतात. अर्धा भ आधी, त्याचा काना मागून. बोलताना आपण ‘कि’ म्हणतो तेव्हा क आधी येतो आणि इकार नंतर. टंकलेखकाची बोटं मात्र जन्मभर इकार आधी म्हणतात.

बाबा निवृत्त झाल्यावर मी त्यांना लॅपटॉप दिला. त्यावर मोठ्या हौसेने इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला. सरकारमान्य, शास्त्रशुद्ध, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. शिकायला सोपा, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी बघते तर लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल घातलेला. आमच्याकडे वस्तूवर रुमाल आला की ती वारली असं समजायचं.

खोदून विचारल्यावर त्यांनी रुमाल काढून दाखवलं. कळा कुठे आहेत, हे ते एव्हाना शिकले होते. अडत होतं ते वेगळंच. त्यांनी ‘वकिलांनी’ टाइप केलं. बोटांनी सवयीने व नंतर वेलांटी आधी दिली आणि क मागून. संगणकाला वाटलं, वेलांटी आधीच्या अक्षराची. पडद्यावर उमटलं ‘विकलांनी’. ‘नागरिक’ केलं, झालं ‘नागिरक’. “छत्तीस वर्षांत,” बाबा म्हणाले, “माझ्या हातून एक वकील विकल झाला नव्हता.”

मग मी शोधाशोध करून त्यांना रेमिंग्टन पद्धतीचा कीबोर्ड टाकून दिला. कळा टाइपरायटरच्याच जागी. वेलांटी आधी आली तर मधला प्रोग्रॅम तिला हाताला धरून थांबवतो, अक्षर येऊ देतो, आणि मग तिला जागेवर बसवतो. बाबांनी एक परिच्छेद टाइप केला, आधी सावकाश, मग वेगाने. शेवटी तर कळांचा आवाज पुरेसा येत नाही अशी तक्रारही केली, तेव्हा मी समजले की जमलं. तेव्हापासून सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त तेच लिहितात. सभा संपून लोक जिना उतरेपर्यंत इतिवृत्त तयार असतं. त्यामुळे सेक्रेटरी त्यांना थोडे वचकून असतात.

“बाबा, भ कुठे असतो हो?” मी त्या दिवशी मुद्दाम विचारलं.

त्यांनी डोळे मिटले. खुर्चीच्या हातावर बोटं हलली. ती ‘भाऊसाहेब’ टाइप करत असावीत. मग त्यांनी डोळे उघडून बोटांकडे पाहिलं आणि म्हणाले, “हा इथे.” मुलगा आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत राहिला. घरात काहीतरी आनुवंशिक आहे अशी त्याला शंका आली असावी.

पण अडॅप्टर काय, मधला प्रोग्रॅम काय, दुभाष्या कितीही चांगला असला तरी काही गोष्टी त्याला आणता येत नाहीत, हे खरं. स्विचच्या कंट्रोलरवर जी बटणं आहेत, त्यांतली बरीच माझ्याकडे नाहीतच. खांद्यावर चारऐवजी तीन. वजा चिन्हाचं बटण नाही. दांड्या आत दाबता येत नाहीत. स्मॅशपुरतं सगळं ठीक. दुसरा एखादा खेळ लावला की मधेच तो असलं बटण मागतो जे या कंट्रोलरवर जन्मालाच आलेलं नाही, आणि मी तिथेच खुंटते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे होमचं बटण नाही. खेळ सोडून मुख्य पानावर जायचं तर मला दरवेळी मुलाचा कंट्रोलर मागावा लागतो. “घरी जायचं बटण तुझ्याकडे नाहीये?” त्याच्या एका मित्राने विचारलं. नाही रे बाबा. आमच्या वेळी घरी जायचं म्हणजे उठून जाऊन यंत्रच बंद करायचं. बफेलोहूनही मी दोन वर्षांत एकदाच घरी आले होते.

२०२५ मध्ये स्विच २ आला. त्याच्यासाठी निंटेंडोने याच आकाराचा बिनवायरचा कंट्रोलर काढलाय, त्यावर होमचं बटणही आहे, असं मुलाने मला मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याला माझी दया आली असावी. पण बिनवायरचं कौतुक मला नवीन नाही. गेमक्यूबलाही २००२ मध्ये ‘वेवबर्ड’ नावाचा बिनवायरचा कंट्रोलर आला होता. विजयवाडावालीने तो जुन्या बाजारातून आणला. त्याला दोन सेल लागायचे आणि सेल वाचावेत म्हणून तो थरथरत नसे. फटका बसला तरी हातात काही नाही, निर्विकार. ती म्हणायची, याच्यावर हरलं तरी वाईट वाटत नाही. आठ दिवसांत ती पुन्हा वायरीवर आली. शिवाय टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल नव्हतेच त्यानंतर.

आणि वायर? वायरीने घरात गैरसोय होते, नाही असं नाही. ती जेमतेम दोन मीटर. टीव्हीपासून सोफा लांब. त्यामुळे खेळायचं तर जमिनीवर, सतरंजीवर, टीव्हीच्या नाकाशी येऊन बसावं लागतं. केर काढायला येणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी वायरीपाशी थबकल्या. “ताई, हे काय मधेच दोरखंड?” म्हणाल्या आणि झाडू त्यांनी वायरीच्या अलीकडेच थांबवला. पलीकडचा भाग त्या दिवशी माझ्याकडे. एक्सबॉक्सच्या २००१ च्या पहिल्या यंत्राला म्हणे वायरीतच एक सांधा दिलेला असे. कोणी अडखळलं की वायर तिथे सुटायची, यंत्र खाली यायचं नाही. ज्याने ही सोय योजली त्याच्या घरी लहान मुलं असणार, किंवा मावशी.

स्विच मात्र डॉकमध्ये उभा असतो, नुसता टेकवल्यासारखा, आणि अडॅप्टर त्याच्या कुशीला लटकलेला. मी एकदा चहाला म्हणून हातातल्या कंट्रोलरसकट उठले, तेव्हा डॉक टेबलाच्या काठापर्यंत माझ्यामागून आला. चौघांनी एकदम किंचाळून मला थांबवलं. तेव्हापासून डॉकच्या खाली जुन्या टॉवेलचा तुकडा आहे आणि माझ्यावर लक्ष आहे.

पुढच्या रविवारी मित्रांपैकी एक आला नाही आणि काळा कंट्रोलर मोकळा राहिला. मुलगा म्हणाला, “आजोबा, तुम्ही बसता का?”

बाबा ‘छे छे’ म्हणाले आणि उठले. त्यांना सतरंजीवर बसणं जमत नाही, म्हणून त्यांची खुर्चीच टीव्हीच्या नाकाशी आली. त्यांनी चष्मा बदलला. पाठ ताठ केली, दोन्ही पाय जमिनीला टेकवले, कोपरं अंगाशी घेतली; मशीनवर बसायचे तसेच. कंट्रोलर उलटसुलट करून न्याहाळला.

“बोटं कुठे ठेवायची?”

“बोटं मागे. पुढे फक्त अंगठे.”

“अंगठे?” बाबांना हे पटलं नाही. “अंगठ्याला आमच्या कामात एकच जागा, दोन शब्दांत मोकळी जागा सोडायची. बाकी काही येत नाही त्याला.”

“तेवढंच लागतं, आजोबा. हा हिरवा दाबत राहायचं.”

कर्बी त्यांनाच दिला. खेळ सुरू झाला आणि हॉलमध्ये आवाज उमटू लागला, टक टक टक टक, एका लयीत, घड्याळ लावून घ्यावं असा. मुलं धावतायत, उड्या मारतायत, पडद्यावर रंगांचे स्फोट होतायत, आणि मधे आमचा गुलाबी मोदक जागेवर उभा राहून समोर येईल त्याला नेमस्तपणे गुद्दे घालतोय. एक मित्र आपणहून त्या गुद्द्यांत सापडला आणि उडून गेला. “वा आजोबा!” बाबांनी मान हलवली, लय सोडली नाही. टक टक टक टक.

मग अचानक त्यांच्या डाव्या अंगठ्याने दांडी जोरात उजवीकडे नेली, पार शेवटपर्यंत. कर्बी तीरासारखा सुटला, मंचाच्या कडेवरून गेला आणि दिसेनासा झाला.

परत आला. टक टक टक टक. पुन्हा तेवढ्याच वेळाने दांडी उजवीकडे, पुन्हा कर्बी खाली.

तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा मुलाने कपाळावर हात मारला. “आजोबा, चांगले खेळताय की! मधेच दांडी कशाला ढकलता?”

बाबांनी आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं.

“अरे,” ते म्हणाले, “ओळ संपली ना.”